दुसरी शाल

मला सत्कार आवडतात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आधी कार्डिफमध्ये आणि नंतर लंडनला, ईलिंगमध्ये, आणि त्याबद्दल लोकांनी मला वेळोवेळी काचेचे ठोकळे, फ्रेम केलेली प्रशस्तिपत्रकं आणि फुलांचे गुच्छ दिले. तोंडाने मी "कशाला एवढं" म्हणते आणि त्या दिवसाची साडी आठवडाभर आधी इस्त्री करून ठेवते. घरी आल्यावर मात्र त्या वस्तू बाहेर मांडाव्याशा वाटत नाहीत. जिन्याखालच्या कपाटात, झाडायच्या हूवर मशिनच्या मागे त्यांची जागा आहे. मुलगा म्हणतो, "आई, तू खूप मॉडेस्ट आहेस, इट्स अ बिट मच." त्याला काय सांगायचं? विनय वगैरे काही नाही. त्या कपाटात सगळ्यांत मागे, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असलेली एक मरून रंगाची शाल आहे. ती आमची नाही. कपाट उघडलं की ती दिसते आणि हातातला काचेचा ठोकळा मी पटकन ठेवून देते.

गेल्या महिन्यात एका संस्थेतून मेगन नावाच्या मुलीचा फोन आला. आता संपूर्ण कारकिर्दीबद्दल एक मोठा सन्मान द्यायचा ठरला आहे, छान जेवण आहे, भाषणं आहेत. मी मनातल्या मनात साडी निवडू लागले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तुमच्या एखाद्या लर्नरला बरोबर आणाल का? फक्त दोन मिनिटं बोलायचं, आधी वाचता येत नव्हतं आणि आता येतं, असं काहीतरी. लोकांना ते फार भिडतं." मी विचार करून कळवते म्हणाले. अजून कळवलेलं नाही. त्याआधी कार्डिफच्या त्या वर्षाबद्दल लिहून काढावं असं वाटलं, कारण आमच्या घरात यावर कोणीच धड बोललं नाही आणि ज्यांनी बोलायचं ती दोन्ही माणसं, आई आणि बाबा, आता नाहीत.

आमचं घर हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत होतं. आई भूलतज्ज्ञ. तिच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. बाबा सांगलीला हायस्कुलात शिक्षक होते, मुलं त्यांना वचकूनही असत आणि त्यांच्यावर जीवही टाकत, असं आई सांगायची. इथे आल्यावर त्यांना कळवण्यात आलं की त्यांची शिक्षकी पदविका या देशात चालत नाही. मग ते हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये लागले. तळघरात पेशंटच्या फायली लावायच्या, मागितल्या की ट्रॉलीवरून वर न्यायच्या. महाराष्ट्र मंडळातली बाकी सगळी घरं डॉक्टरांची. तिथे आईला सगळे डॉक्टर करंदीकर म्हणत आणि बाबांना डॉक्टर करंदीकरांचे मिस्टर. मंडळातल्या मुलांनी विचारलं, "तुझे बाबा कुठल्या वॉर्डला?" की मी म्हणायचे, "हॉस्पिटलमध्येच आहेत," आणि चकलीची ताटली पुढे करायचे. मला बाबांची लाज वाटायची. सोळा वर्षांच्या मुलीला कशाचीही लाज वाटते, हे खरं, पण माझी लाज जरा जास्तच तेज होती आणि आईला ती दिसत होती. तिला स्वतःलाही बाबांसाठी काहीतरी खुपत होतं. मंडळात कोणी बसल्या जागेवरून बाबांना खुर्च्या हलवायला सांगितलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

बाबांचं खरं काम गुरुवारी संध्याकाळी चालायचं. वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायला त्या काळी स्वयंसेवक हवे असत, आणि त्यासाठी पदविका कुणी विचारत नसे. एका शिक्षकाला एक विद्यार्थी, आणि शिकवणी कुणाच्या तरी घरी. बाबांच्या वाट्याला ग्लिन आला. तो कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, घरांमधले नळ आणि पाइप दुरुस्त करायचा. चांगला धिप्पाड माणूस, पण आमच्या दारात उभा राहिला की खांदे आत घ्यायचा. दर गुरुवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन यायचा. आमचा एकही नळ गळत नव्हता. पिशवी रस्त्यावरच्या लोकांसाठी होती. डॉक्टरीणबाईंच्या घरात काहीतरी दुरुस्तीचं काम चालू आहे, असं दिसायला हवं. पिशवीत स्पॅनरच्या खाली त्याचं वाचायचं पुस्तक असायचं.

शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्हायची आणि आलेल्या माणसाला काही खाऊ घातल्याशिवाय पाठवायचं नाही हा आईचा दंडक, म्हणून बाबा कांदेपोहे करायचे. पोहे ईलिंगच्या मावशीकडून यायचे, जाडे, आणि फार जपून वापरले जायचे, पण गुरुवारचे ठरलेले. मोहरी तडतडली की मला वरच्या खोलीत कळायचं, आता ग्लिन येणार. तो पोह्यांवर बाटलीतला आंबटगोड ब्राउन सॉस ओतायचा. बाबा तिकडे बघायचे नाहीत. पोहे खाऊन झाले की टेबल पुसायचं आणि मग एक वेगळाच आवाज सुरू व्हायचा, मोठ्या माणसाच्या घोगऱ्या आवाजातलं अडखळणं. एक शब्द, मग शांतता, मग परत तोच शब्द. बाबा मध्ये बोलायचे नाहीत. सांगलीच्या वर्गात छडी आपटणारे ते हेच का, असं आईलाही वाटायचं. मी जिन्यावर बसून ऐकायचे. आज इतक्या लोकांना शिकवल्यावर मला कळतं की थांबायचं किती आणि शब्द पुरवायचा कधी, हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. त्या जिन्यावर शिकले.

बाबांचा एक कडक नियम होता आणि तो त्यांनी मलाही घालून दिला होता. शिकायला येणारा माणूस बाहेर कुठे दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने हाक मारली तर बोलायचं, नाहीतर आपण कोण आणि तो कोण. "मनू, त्याला वाचता येत नाही हे फक्त त्याने सांगायचं असतं," ते म्हणाले होते. मला हा नियम पाळणं अवघड होतं, कारण ग्लिनची मुलगी कॅरिस माझ्याच वर्गात होती. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. केंब्रिजला जायची तिची तयारी चालली होती आणि शिक्षक तिच्याशी बोलताना आवाज बदलायचे. तिच्या आईला सगळं माहीत होतं, घरातलं सगळं वाचन तीच करायची. कॅरिसला काहीच माहीत नव्हतं. ग्लिन शिकायला आला होता तोच तिच्यामुळे. मुलगी केंब्रिजला गेली की पत्रं लिहिणार, ती बायकोने वाचून दाखवायची आणि आपण मान हलवायची, हे त्याला नको होतं. तिला कधी कळायच्या आत त्याला वाचता यायला हवं होतं. हे त्याने पोहे खाताना बाबांना सांगितलं आणि बाबांनी, एरवी विद्यार्थ्याबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या माणसाने, ते आईला सांगितलं. बायकोला सांगितलं म्हणजे काही बाहेर सांगितलं नाही, असं त्यांना वाटलं असणार.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात बाबांचा सत्कार करावा, ही कल्पना आईची. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर साठे, म्हणजे आमचे साठेकाका, हौशी माणूस. हाडांचे डॉक्टर, आवाज खणखणीत, कुठल्याही समारंभात त्यांना रीतसरपणा हवा. सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, मानपत्र आणि शेवटी शिष्याचे दोन शब्द. "शिष्याशिवाय गुरूचा सत्कार म्हणजे नवरीशिवाय लग्न," ते आमच्या बैठकीच्या खोलीत आईला म्हणाले. बाबा तेव्हा तळघरात फायली लावत होते. आईने साठेकाकांना सगळं सांगितलं. नळाचं काम, हत्यारांची पिशवी, केंब्रिज, पत्रं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मीही तिथेच होते आणि मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना आमचे बाबा कोण आहेत ते. माझी आई पेशंटचं नाव कधी घरात काढायची नाही. भूल उतरताना माणसं काय काय बोलून जातात, ते सगळं तिने आयुष्यभर पोटात ठेवलं. पण ग्लिन तिच्या दृष्टीने पेशंट नव्हता. तो आमच्या घरचे पोहे खाणारा, घरचा माणूस होता, आणि घरच्या माणसाचं कौतुक चारचौघांत करायचं नाही तर कुठे करायचं?

तिने ग्लिनला बोलावलं तेही आपल्या पद्धतीने. "आमच्या गणपतीचा प्रोग्रॅम आहे, मिस्टर करंदीकरांना फेलिसिटेट करणार आहेत, यू मस्ट कम विथ फॅमिली. आमच्यात एकट्याला बोलवत नाहीत." आमंत्रण सहकुटुंब सहपरिवारच द्यायचं, याशिवाय दुसरी रीत तिला ठाऊकच नव्हती. ग्लिनने विचार केला असणार, ज्यांच्याकडे आपण काम करतो त्यांच्याकडचं बोलावणं आहे, जायला काय हरकत आहे. बायको आणि मुलगी यांना घेऊन तो आला. कोट-टाय घालून. मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये दाराशी सगळ्यांचे बूट काढलेले होते, तिथे तो जरा गोंधळला, मग कॅरिसने आधी बूट काढले आणि मागून त्याने. मी कॅरिसला हात केला. ती खूश होती. "इट स्मेल्स अमेझिंग," ती म्हणाली. आत मसालेभाताची पातेली झाकून ठेवलेली होती.

आरती झाली. बाबांना स्टेजवर बसवलं, कुंकू लावलं, शाल पांघरली. बाबांनी तिसऱ्या रांगेतल्या ग्लिनला पाहिलं हे मला दिसलं, आणि नियमाप्रमाणे त्यांची नजर त्याच्यावरून पुढे गेली. साठेकाकांनी मानपत्र मराठीत वाचलं. ते मराठीतच पुढे बोलत राहिले असते तर काहीच झालं नसतं, हे मी आयुष्यात किती वेळा मनात घोळवलं असेल. पण पाहुणे बसलेत आणि आपण आपलंच बोलत राहायचं, हे साठेकाकांना असभ्य वाटलं. "आपल्या गेस्ट्ससाठी मी आता इंग्लिशमध्ये बोलतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं की आज इथे एक असे गृहस्थ आहेत ज्यांना दोन वर्षांपूर्वी स्वतःचा पत्ता लिहिता येत नव्हता. त्यांची मुलगी उद्या केंब्रिजला जाईल. तिची पत्रं आपल्याला वाचता यावीत म्हणून हा बाप, कामाला जातो असं सांगून, दर गुरुवारी आपल्या करंदीकर सरांकडे शिकायला येतो. अशा बापाला आपण वर बोलावू या. आणि त्यांनी नाव घेतलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. आई पदराने डोळे टिपत होती. टाळ्या मीही वाजवत होते, अगदी मोठमोठ्याने, आणि वाजवता वाजवताच अभिमानाने कॅरिसकडे वळून पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती तिच्या बाबांकडे बघत होती, एखाद्या अनोळखी माणसाने आपल्या शेजारी येऊन बसावं तशी. तिच्या आईने डोळे मिटून घेतले होते. माझे हात थांबले.

ग्लिन उठला, कारण न उठणं आणखी वाईट दिसलं असतं. मोज्यांवर चालत तो स्टेजवर गेला. त्याच्या कोटावर दुसरी शाल पांघरण्यात आली. शिष्यालाही शाल द्यायची ही साठेकाकांची खास सूचना होती आणि आईने ती लंडनच्या साउथॉलहून हौसेने आणली होती. नारळ कसा धरायचा हे न कळून त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. माइक त्याच्या तोंडापुढे आला. तो इतकंच म्हणाला, "मिस्टर करंदीकर माझ्याशी फार चांगले वागले." बाबा शेजारी उभे होते, अंगावर तशीच शाल, कपाळाला कुंकू, आणि ते स्वतःच्या मोज्यांकडे बघत होते. जे माझ्या बाबांना या देशात इतकी वर्षं मिळालं नव्हतं ते सगळं त्या क्षणी त्यांच्या अंगावर होतं, आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

त्यानंतर जेवण. आपल्याकडे काहीही झालं तरी जेवण चुकत नाही. ग्लिनला पहिल्या पंगतीत बसवलं आणि बायका आग्रहाला लागल्या. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, अजून एक जिलबी. त्याने पानातलं सगळं संपवलं, एकदाही मान वर न करता. कॅरिसने कशाला हात लावला नाही. ते लवकर निघाले. नंतर मी खुर्च्या उचलायला गेले तेव्हा दिसलं, शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवलेली होती आणि तिच्यावर नारळ.

घरी येताना आई गाडी चालवत होती आणि बाबा तिच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "तू पेशंटचं नाव कधी घरात काढलंस का गं?"

"अहो, पण तो पेशंट कुठे होता," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला एकदा तरी..."

"माहीत आहे मला." मग पुढे रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "मला बरं वाटत होतं. साठे इंग्लिशमध्ये सुरू झाला तेव्हाच कळलं होतं कुठे जाणार ते. उठून थांबवता आलं असतं. पण शाल अंगावर होती ना, बरं वाटत होतं."

आई रडायला लागली. मी मागच्या सीटवर दोन्ही शाली मांडीवर घेऊन बसले होते. कुणाला बोल लावायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. आम्हा तिघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळाली होती.

शाळेत कॅरिस आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एकदा कोट अडकवायच्या खोलीत मला गाठून म्हणाली, "तुला माहीत होतं. आपण रोज एकत्र बसायचो आणि तुला माहीत होतं." मी मान हलवली. ती म्हणाली, "लहानपणी डॅड मला रोज पुस्तक वाचून दाखवायचा. तेच पुस्तक, पण गोष्टीचा शेवट रोज वेगळा. मला वाटायचं पुस्तकं अशीच असतात." ती हसेल असं मला वाटलं, पण ती हसली नाही. "त्याला वाचता येत नाही याचं मला काही नाही. पण त्या हॉलमधल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं. त्याने मला सांगायचं होतं आणि आता तो कधीच सांगू शकणार नाही." पुढे ती खरोखरच केंब्रिजला गेली. तिने घरी पत्रं लिहिली की नुसते फोन केले, आणि लिहिली असतील तर ती कुणी वाचली, हे मला कधी कळलं नाही.

सत्कारानंतरच्या गुरुवारी बाबांनी पोहे भिजवले. फोडणी केली, दोन ताटल्या काढल्या, ब्राउन सॉसची बाटली टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. पुढच्या गुरुवारीही तेच. आई म्हणाली, "अहो, त्याच्या घरी जाऊन या ना, मी येते बरोबर, मी माफी मागते." बाबा नाही म्हणाले. त्याच्या दारात जायचं म्हणजे पुन्हा त्याच्या गल्लीला दाखवायचं. त्यांचाच नियम आता त्यांच्या आड आला होता. किती तरी गुरुवार आम्ही ते गार झालेले पोहे जेवणात खाल्ले. नंतर त्यांनी शिकवणी आमच्या घरातून हलवली, लायब्ररीच्या मागच्या खोलीत नेली, आणि म्हातारे होईपर्यंत तिथे शिकवत राहिले. मंडळाने पुढे दोनदा विचारलं, त्यांनी सत्कार घेतला नाही. मंडळात त्यांच्या विनयाचं फार नाव झालं. साठेकाका तर आपल्या मुलांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी मी आणि बाबा मार्केटमध्ये भाजी घेत होतो. समोरून ग्लिन आणि त्याची बायको येताना दिसले. रस्ता अरुंद, टाळायला जागा नव्हती. बाबा कांद्यांच्या ढिगासमोर उभे राहिले. त्यांनी मान खाली घातली नाही, फिरवलीही नाही. ग्लिनला बघायचं असेल तर दिसेल असा चेहरा त्यांनी समोर ठेवला आणि वाट पाहिली. मी पुढे झाले तसा त्यांनी माझा दंड धरला. "त्याने आधी," ते हळूच म्हणाले. ग्लिन इतका जवळून गेला की त्याच्या कोटाला पाइपच्या तेलाचा वास येत होता तो मला आला. तो समोर बघत चालत राहिला. त्याच्या बायकोने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तिनेही पाऊल उचललं. ते दिसेनासे होईपर्यंत बाबांनी माझा दंड सोडला नव्हता. मग त्यांनी कांदे निवडायला घेतले.

"बरोबर केलं त्याने," ते म्हणाले.

काल मेगनचा पुन्हा फोन आला. कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची होती. मी सांगितलं, मी एकटीच येईन.

"म्हणजे, एकही लर्नर नाही?" ती म्हणाली. मुलगी गोड आहे, पण तिच्या आवाजातली शंका मला ऐकू आली. इतकी वर्षं शिकवलं आणि हिच्यासाठी दोन मिनिटं बोलायला एक माणूस येत नाही?

तशी माणसं आहेत. दोघं-तिघं तर आनंदाने येतील, नवे कपडे घालून येतील, आणि त्यांच्या घरचे लोक टाळ्या वाजवतील. त्यांची नावं माझ्या ओठांवर आली. सन्मान मला हवाच होता, आणि त्या मुलीने मला चांगली शिक्षिका समजावं हेही हवं होतं. दंडावर अजून बाबांची बोटं होती.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यासाठी येईल असं कोणी नाही."